एका बटणाचा भात

दादरच्या त्या दुकानात विजेवरचे पाच भाताचे कुकर ओळीने मांडले होते आणि सोनूबाई एकेकाचं झाकण उघडून आत डोकावत होती. दुकानदार शांत माणूस. त्याने विचारलं, "ताई, घरात माणसं किती?"

"जेवणारी तीन. काम करणारी विचाराल तर दोन."

दुकानदार हसला. सोनूबाई हसली नाही. त्याने दीड लिटरचा एक कुकर पुढे सरकवला. "हा घ्या. शिट्टी नाही, गॅस नाही, राखत बसायला नको. तांदूळ घालायचे, पाणी घालायचं, बटण खाली दाबायचं. भात झाला की बटण आपोआप टक् करून वर येतं. आणि हा बाजूचा त्याहून बरा. ह्याला दोन बटणं. एक शिजवायचं, एक गरम ठेवायचं."

"दोन बटणं नकोत."

"अहो, दोन असली की सोय..."

"तुमच्या घरी असेल सोय. आमच्या घरी एक पुरुष आहे. त्याला दोन बटणं दिली तर 'कुठलं दाबायचं ते कळलं नाही' म्हणायला मोकळा. एकाच बटणाचा द्या. बटण मोठं असू दे. लाल असलं तर फारच चांगलं. दिसलं नाही असं सांगायला तोंड राहता कामा नये."

"साहेबांनाच एकदा घेऊन या ना. चालवून दाखवतो."

"साहेब कामात आहेत," सोनूबाई म्हणाली. साहेब त्या वेळी लालबागला चाळीच्या गॅलरीत तीनपानी खेळत बसले होते.

आता ह्या बाईला एवढा राग कशाचा ते सांगायला हवं. तिचा नवरा रघू मूळचा मालवणकडचा, गिरणीत अठरा वर्षं सायझिंग खात्यात. ब्याऐंशी साली संप झाला, गिरणीचा भोंगा बंद पडला तो पडलाच. बरोबरीचे लोक कुणी गावाला गेले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी बँकेच्या दाराशी दंडुका घेऊन उभे राहिले. रघू कुठेच गेला नाही. "संप अजून मागे घेतलेला नाय," तो म्हणायचा. "कुणी लेखी दिलंय? दाखवा कागद. नाय ना? मग मी संपावर आहे." आणि पान टाकायचा. सहा वर्षं हा माणूस संपावर होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ कुणाला डोळ्यांनी बघायचा असेल तर त्याने त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर यावं.

सोनूबाई परळच्या एका नर्सिंग होममध्ये आयाबाई. सकाळी सात ते संध्याकाळी सात. पेशंट उचलायचे, भांडी द्यायची, काढायची, धुवायची, लादी पुसायची, सिस्टर लोकांची बोलणी खायची. घरी येऊन स्टोला पंप मारायचा. आणि दुपारचा भात? तो पद्मजा करायची, त्यांची एकुलती एक पोरगी. अकरा वर्षांची होती तेव्हापासून करायची. बापाला बाराच्या ठोक्याला ताट लागायचं. गिरणीची सुट्टी बाराची होती ना! गिरणी गेली, पगार गेला, पण बाराची भूक काही गेली नाही. आणि पुरुषाने स्टोपाशी बसायचं म्हणजे रघूच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं असं तो सांगायचा. सात पिढ्यांत बसून तरी कुणी खाल्लं होतं मेल्या, असं सोनूबाईच्या ओठावर यायचं. ती गिळायची. बिचारा, नोकरी गेलीय, असं म्हणून म्हणून तिने सहा वर्षं गिळलं.

पद्मजा ह्या साली दहावीला. जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि शाळेतल्या गणिताच्या बाईंनी सोनूबाईला बोलावून घेतलं. "बाकी सगळ्यात बरी आहे, बीजगणितात नापास. पोरगी हुशार आहे हो, पण बाकावर पेंगते. मी फेब्रुवारीभर रोज अकरा ते एक जादा तास घेणार आहे, फुकट. तेवढे तास तिने चुकवले नाहीत तर ती पास होईल, हे मी तुम्हाला सांगते. चुकवले तर माझा नाइलाज आहे."

सोनूबाई शाळेच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. पद्मजेला नर्स व्हायचं होतं. आईबरोबर एकदा दवाखान्यात आली होती, तिथे पांढऱ्या टोपीतली सिस्टर बघून तिने ते मनात धरलं होतं. दहावी पास झाली तर पुढची दारं उघडणार, नाहीतर आयाबाईची पोरगी आयाबाई. मध्ये आडवं काय होतं? बीजगणित. आणि बीजगणिताच्या आडवा काय होता? बाराचा भात. म्हणून ती तशीच दादरला गेली आणि दिवाळीच्या बोनसातलं जपून ठेवलेलं होतं नव्हतं ते काढून कुकर घेतला.

कुकर घरी आला तसं रघूने पत्ते खाली ठेवले. बघायला तेवढा उठला. "वायरिंग जळतली," म्हणाला. नाही जळली. "विजेवरचा भात पोटात वारा धरतो." नाही धरत, दवाखान्यातल्या मद्रासी सिस्टर रोज तोच खातात, सोनूबाईने सांगितलं. "मग त्यांचे तांदूळ वेगळे असतील," तो म्हणाला.

आणि नेमकं तेवढंच त्याचं खरं निघालं. ह्यांच्या घरात उकडा तांदूळ, गावाकडून गोणीने आलेला, लाल आणि जाडजूड. सोनूबाईने पहिल्या रविवारी जन्मभराच्या सवयीने पाणी घातलं, तांदळावर बोटाची तीन पेरं आणि वर पेजेसाठी आणखी दोन तांबे. उकड्याचा भात कोकणात असाच, भरपूर पाण्यात शिजवायचा आणि पेज काढून घ्यायची. पण कुकरला हे कोण सांगणार? झाकणाखालून फेस आला तो स्टुलावरून लादीवर, लादीवरून पद्मजेच्या भूमितीच्या वहीवर. रघू गॅलरीतून हसला. नुसता नाही, पत्तेवाल्यांना हाका मारून हसला. "बघा रे, आमच्या घरात वीज ओकली!"

सोनूबाईचं कपाळ तापलं. पण बाई हटली नाही. तिने कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा पेला घेतला आणि तीन दिवस वेगवेगळं माप घालून बघितलं. उकड्याच्या एका पेल्याला पाणी तीन पेले, आणि तांदूळ सकाळपासून भिजलेले हवेत. पेज नाही निघत, पण भात मोकळा होतो. मग रोज सकाळी साडेसहाला घर सोडायच्या आधी ती तांदूळ धुवायची, पाणी मोजायची, भांड्याचं बूड फडक्याने कोरडं पुसायची, कारण ओलं बसवलं तर तडतडतं, झाकण लावायची, पिन भिंतीत खोचायची. आमटी करून झाकून ठेवायची. आणि रघूला सांगायची, "अहो, सव्वाअकराला हे लाल बटण खाली दाबा. दुसरं काही नाही. पद्मजा तासाला जाणार."

"हां," रघू म्हणायचा.

संध्याकाळी येऊन बघावं तर कुकरचं भांडं घासून पालथं घातलेलं. सोनूबाईला वाटायचं, चला, एवढं तरी करायला लागला. पद्मजेला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणायची, "झाला तास." तीन आठवडे असे गेले. सोनूबाईने चाळीतल्या खंडोबाला नारळ फोडायचं मनाशी ठरवूनही टाकलं. बोर्डाच्या परीक्षेला आता दहाच दिवस उरले होते.

त्या शुक्रवारी ती भोईवाड्यावरून येत होती. तिथे कुशाबाची भाजीची गाडी. कुशाबा रघूच्याच गिरणीतला, साचेखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा. राहायला ह्यांच्याच चाळीत, पहिल्या मजल्यावर. मनाने चांगला माणूस, पण पोटात काही राहत नाही.

मेथीची जुडी देता देता तो म्हणाला, "वहिनी, पोरगी गुणाची हां तुमची. मी रोज बाराला जेवायला घरी जातो तेव्हा वर रघूकडे डोकावतो, बघतो ना, त्या मशीनपुढे बसलेली असते. एका हातात वही, एका हातात झाकण. बापाचं ताट करते, पत्तेवाल्यांचा चहा करते."

सोनूबाईच्या हातातली मेथी हातातच राहिली. "रोज?"

"रोज म्हणजे काय, आजसुद्धा. का हो?"

"तिचा अकराला तास असतो, भावजी."

कुशाबाला आपण काय बोलून बसलो ते कळलं. तो सावरायला गेला. "तसं नाय, असेल कधी..."

"मी सगळं मांडून जाते. फक्त बटण दाबायचं असतं. त्यांना म्हणे जमत नाही. शिजवण्याचं काम जन्मात केलं नाही म्हणतात."

आणि इथे कुशाबाला हसू आलं. सावरणं बिवरणं विसरून तो गाडीला धरून हसला. "कोणाला जमत नाय? रघूला? अहो वहिनी, अठरा वर्षं तो दुसरं करत काय होता?"

"मशीनवर होते. सायझिंगला."

"अहो, सायझिंग म्हणजे काय! साच्यावर सूत चढायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते. नाय पाजली तर तटातट तुटतं. ती खळ शिजवायचा कोण? आमचा रघू. माणूस बुडेल एवढी मोठी टाकी. पीठ घाला, पाणी घाला, वाफ सोडा, ढवळत राहा. घट्ट झाली तर सूत काठीसारखं, पातळ झाली तर पाळीभर आम्ही तुटलेले धागे जोडत बसायचो. साहेब लोक थर्मामीटर घेऊन उभे असायचे आणि हा दोन बोटांत धरून सांगायचा, झाली, सोडा. कधी चुकला नाय. दुसऱ्या गिरण्यांचे लोक बघायला यायचे त्याला. पेजच ती वहिनी, दुसरं काय? आम्ही त्याला भटारी म्हणायचो, लय चिडायचा."

सोनूबाईने मेथी पिशवीत टाकली आणि चालू लागली. कुशाबा मागून हाका मारत होता, ती थांबली नाही.

तिला त्याच्या पँटी आठवत होत्या. अठरा वर्षं तिने त्या पँटी धुतल्या होत्या. पायाशी कडक, पांढरट, वाळलेल्या भातासारखं काहीतरी चिकटलेलं. गरम पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढायची. एकदा विचारलं होतं तर म्हणाला, मशीनचं असतं ते, तुला नाय कळायचं. नाही कळायचं! अगं बाई, खळ होती ती. हा माणूस रोज पिंपभर पेज शिजवून घरी यायचा आणि घरात हात धुऊन पाटावर बसायचा, वाढ म्हणून. आणि तिच्या बापाला काय सांगितलं होतं लग्नात? मुलगा मशीनवर आहे. शिरा पडली त्या मशीनवर, आग लागो त्याला.

गॅलरीत डाव रंगात आला होता. चौघे जण सतरंजीवर, मधे पत्ते, बाजूला चहाचे रिकामे कप. ते कप पद्मजा उचलत होती. सोनूबाई पिशवीसकट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पद्मे, ते कप खाली ठेव."

आवाज ऐकून पोरीने ठेवले.

"किती तास झाले तुझे?"

पद्मजेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, दोन झाले. बाबा म्हणाले, भात करून जा. मग उशीर झाला की बाई वर्गात घेत नाहीत. तू चिडशील म्हणून मी..."

"तू गप्प. तुझ्याशी नंतर बोलते." ती रघूकडे वळली. "खळ कोण शिजवायचं हो गिरणीत?"

रघूच्या हातातली पानं तशीच राहिली. पत्तेवाले एकमेकांकडे बघायला लागले.

"आत चल. बाहेरची माणसं आहेत," तो म्हणाला.

"बसू देत. बाहेरच्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. अठरा वर्षं तुमच्या पँटींची खळ मी नखांनी काढली आणि मलाच ठाऊक नव्हतं! भात जमत नाही? बटण जमत नाही? हौदभर पीठ दोन बोटांत तोलणारा माणूस तुम्ही, आणि एक वाटी तांदूळ शिजवायला पोरीचा तास बुडवता?"

"ते काम होतं," रघू उसळला. "पगार होता त्याला. ते वेगळं."

"काय वेगळं? मालकाच्या सुताला पेज पाजायची ते काम, आणि पोटच्या पोरीला पाजायची ते बायकी काम? सूत तुटू नये म्हणून जपलंत ना, वाफेत उभं राहून? मग ही तुटतेय ती दिसत नाही?"

"तिथे मी कोणतरी होतो, सोनू!" रघू उभा राहिला. आवाज फाटला होता त्याचा. "लोक बघायला यायचे मला. इथे कोण आहे मी? बायकोच्या पगारावर जेवणारा. आता स्टोपाशी बसू? भटारी म्हणायचे ते खोटं नव्हतं असं चाळीला दाखवू?"

हे त्याने सहा वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण तिला कीव आली नाही. कीव करून करून संपली होती.

"कोण आहेस विचारतोस?" ती म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, नवऱ्याला तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "बाप आहेस. तेवढं पुरत नसेल तर तसं सांग पोरीला तोंडावर."

रघू खाली बसला आणि पानं पिसू लागला.

"बरं. तुझा संप अजून मागे घेतलेला नाही ना? कागद नाही ना मिळाला? मग आजपासून माझाही संप. मी स्टो पेटवणार नाही. पद्मजा तांदळाला हात लावणार नाही. उद्यापासून ती माझ्याबरोबर दवाखान्यात येईल, तिथे खाईल, तिथून तासाला जाईल. तांदूळ डब्यात आहेत, पाणी पिंपात आहे, बटण लाल आहे. आणि तुला मालकासारखं वागायचं असेल तर ठोक टाळं घराला. ते कसं ठोकतात ते तू बघितलेलं आहेस."

पत्ते खेळणारे एकेक करून चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशीपासून झालंही तसंच. पद्मजा सकाळी आईबरोबर निघायची, आयांच्या खोलीत बसून गणितं सोडवायची, कँटीनमधली उसळ खाऊन अकराला बाईंच्या वर्गात हजर. रात्रीचंही दोघी तिकडेच आटपून यायच्या. रघूने पहिला दिवस चहा आणि खारी बिस्किटांवर काढला. दुसऱ्या दिवशी रात्री कुशाबाच्या बायकोने, तुळसाने, दया येऊन ताट झाकून वर आणलं. सोनूबाई नेमकी दारात.

"तुळसा, संप चालू आहे. ताट आत गेलं तर ती गद्दारी."

तुळसा एकदा तिच्याकडे बघून, एकदा आत बसलेल्या रघूकडे बघून हसायला लागली. "नाय गो बाय, मी नाय मोडायची," म्हणाली आणि ताट घेऊन जिना उतरली. रघूने ताट येताना बघितलं आणि जातानाही बघितलं. त्यानंतर चाळीतल्या कुठल्याच बाईने काही पाठवलं नाही. पुरुषांनी चोरून वडापाव आणून दिले, पण त्यांच्या घरी ते कळलं तेव्हा त्यांचीही खरडपट्टी निघाली. रघू पाव खाऊन जगला. पण कुकरला त्याने हात लावला नाही. एवढा पीळ! सोनूबाई रोज संध्याकाळी येऊन कुकरवरची धूळ बघायची आणि दात-ओठ खायची. आपण माणसाशी लग्न केलंय की गिरणीच्या भिंतीशी, असं तिला वाटायचं.

परीक्षा सुरू झाली. मराठी झालं, हिंदी झालं. बीजगणिताच्या दिवशी पेपर अकराला, केंद्र दादरला. सोनूबाईने सुट्टी मागितली होती, पण दुसरी आयाबाई आजारी पडली आणि मेट्रनने नाही म्हणून सांगितलं. तासाभराची सवड तेवढी दिली. ती सकाळी निघाली तेव्हा पद्मजा पुस्तकात डोकं घालून बसली होती. "उपाशी जाऊ नकोस. मी साडेनऊला इडली घेऊन येते," तिने सांगितलं. रघू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला तिने काहीच सांगितलं नाही.

साडेनऊला ती इडलीचं पुडकं घेऊन धावत जिना चढली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय थांबले. उकड्या तांदळाच्या पेजेचा वास येत होता. तिच्या घरातून. हा वास त्या घरात कुकर आल्यापासून नव्हता.

रघू स्टुलासमोर पाटावर बसला होता. कुकरचं झाकण बाजूला, हातात लाकडी कालथा, आणि तो सावकाश, कडेपासून मधे, मधून कडेला, एका लयीत ढवळत होता. खोलीच्या दारात कुशाबा आणि दोन पत्तेवाले उभे होते, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पद्मजा भिंतीला टेकून वाटीतली पेज पीत होती, मांडीवर वही उघडी. वाटीच्या कडेला खारातल्या आंब्याची फोड होती.

"ह्याचं बटण पेजेला वर येतच नाय," रघू कुकरकडेच बघत म्हणाला. "पाणी आटेपर्यंत थांबतं ते. पेजेचं पाणी आटतं काय? आणि झाकण ठेवलं की उतू जातं. बघत बसावं लागतं ह्याच्याकडे." मग त्याने कालथ्यावरून एक थेंब दोन बोटांत घेतला, चोळला, अजून एकदा चोळला. पिन काढली. "झाली."

पद्मजेने वाटी चाटून ठेवली, आईच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली. "आई, तू गेल्यापासून बाबांनी तीन वेळा केली," ती हळूच म्हणाली. "दोनदा ओतून दिली." आणि कंपासपेटी घेऊन ती जिना उतरली. कुशाबा आणि मंडळीही तिच्यामागोमाग खाली सटकली.

सोनूबाई इडलीचं पुडकं हातात धरून उभी होती. रघूने एक वाटी भरली, मीठ चाखून बघितलं, तिच्यासमोर ठेवली. तेव्हा तिला त्याची बोटं दिसली. अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट, दोन्हींवर पाण्याने भरलेले फोड. अठरा वर्षं उकळत्या खळीत घातलेली बोटं सहा वर्षांत मऊ पडली होती.

"मलम फळीवर आहे," ती म्हणाली. "लाव."

ती उभ्यानेच प्यायली. आणि काय सांगावं! तिची आई गावी चुलीवर अशी पेज करायची, त्यानंतर तशी तिने प्यायली नव्हती. दाट नाही, पातळ नाही, शीत न् शीत अखंड, आणि ओठाला लावलं तर मोडणारं. मीठ जिथल्या तिथे. दिवसभर पेशंट उचलून आलेलं अंग अशा एका वाटीने उभं राहिलं असतं. सहा वर्षं रोज संध्याकाळी पाय ओढत ती ह्या जिन्यावरून चढली होती, आणि ही पेज ह्या खोलीत, ह्या माणसाच्या हातात बसून होती. तिला वाटलं होतं, त्याने एकदा हात लावला की आपला राग जाईल. वाटी संपता संपता तो दुप्पट झाला. डोळ्यांतून पाणी आलं ते रागाचंच होतं, आणि तिने ते पुसलं नाही.

रघू मलमाची डबी तशीच हातात धरून तिच्याकडे बघत होता. संपाच्या आधी साहेबासमोर खळ तपासायला उभा राहत असेल तसाच.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"सहा वर्षं उशिरा झालीय," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. तिने पदर खोचला, दवाखान्यात परत जायला वीस मिनिटं होती, आणि रिकामी वाटी त्याच्यापुढे धरली.

"अजून वाढ. आणि परवा भूमिती आहे, पेपर अकरालाच. मी साडेसहाला निघणार."

"मी करतो," तो म्हणाला आणि वाटी भरली.